गाऱ्हाणं मागे घेताना

खण्ण.

दुपारच्या शांततेत फळीवरून पिठाच्या डब्याचं झाकण पडलं. आधी माझ्या डोक्यावर, मग फरशीवर, आणि तिथे ते स्वतःभोवती फिरत राहिलं. स्टीलच्या झाकणाला एकदा फिरायला मिळालं की थांबायची घाई नसते. मी त्याच्यावर पाय ठेवून त्याला गप्प केलं, तोवर बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आलाच.

"काय गो पडलं?"

"काही नाही आई, झाकण."

"कोणाला लागलं?"

"कोणाला नाही," मी डोकं चोळत म्हणाले.

"लागलं असेल तर सांग हो. लपवू नको."

आमच्या घरात तेव्हा प्रत्येक पडझडीची अशी कसून चौकशी चालू होती. आणि मी खरंच लपवत होते. टेंगूळ तर होतंच, पण फ्रिज आणि पाण्याचं पिंप यांच्या मधल्या फटीत बसून मी मोबाइलवर एक मेल लिहीत होते, तोही. सानवी झोपली की मला जो काय तासभर मिळतो तो माझा. त्यात कधी वाचते, कधी केस विंचरते, कधी नुसती भिंतीला टेकते. त्या दिवशी मी 'कळवण्यास खेद होतो की' इथपर्यंत आले होते आणि पुढे कशाचा खेद होतो ते मला लिहिता येत नव्हतं.

झालं होतं असं, की मला नोकरी लागली होती.

सानवी व्हायच्या आधी मी मिरजोळ्याला एका कॅनिंगच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. आंब्याचा रस तपासायचा, त्याची गोडी आणि आंबटपणा मोजायचा, आणि मशीन काय म्हणतं ते सोडून स्वतःची जीभ काय म्हणते तेही लिहायचं. ते काम मला फार आवडायचं. पुढे पोर झाली आणि माझी जीभ पेजेत मीठ बरोबर आहे का एवढंच सांगायला उरली. मग पाच वर्षांनी पुण्याच्या एका सरबतं बनवणाऱ्या कंपनीची जाहिरात दिसली. मी गंमत म्हणून अर्ज केला. मुलाखत मोबाइलवरच झाली, चाखायची सरबतं त्यांनी आधीच कुरियरने पाठवली होती. मी वर साडी आणि खाली गाऊन अशा वेषात, टेबलाखाली सानवी माझ्या पायाच्या बोटांना नावं देत बसलेली. तरीही त्यांनी मला घेतलं.

करार मोबाइलवर आला. सहीसुद्धा पडद्यावर बोटाने करायची. मी तेव्हा तांदळाची भाकरी थापत होते. बोट पदराला पुसलं आणि केली सही. पिठामुळे ती जरा मुंगळ्यासारखी उठली, पण कंपनीला चालली. पडद्यावर रंगीत कागदांचे तुकडे उडाले आणि मी स्वयंपाकघरात एकटीच हसले.

सोमवार ते शुक्रवार पुण्याला राहायचं, शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघून शनिवारी घरी, असं ठरलं. आणि खरी अडचण इथूनच सुरू झाली, कारण मला कोणी अडवलंच नाही.

मी वाद घालायची तयारी करून बसले होते. बायकांनी काम का करावं यावर माझ्याकडे चांगली पंधरा मिनिटं पुरतील एवढी वाक्यं होती. ती सगळी वाया गेली. आई म्हणाल्या, "जा की. अनिशला वाढवलाय मी, ही तर त्याच्यापेक्षा शहाणी आहे." अनिश महावितरणमध्ये आहे, तारा जोडायची त्याला सवय, तर तो म्हणाला, "वेण्या मी घालतो. तीन वायरी तर गुंडाळायच्यात." त्याने मोबाइलवर बघून सरावही सुरू केला. पहिल्या दिवशी सानवीची वेणी तिच्या कानातून उगवल्यासारखी दिसत होती. ती तशीच शाळेत गेली आणि बाईंनी विचारल्यावर म्हणाली, "बाबांचं कनेक्शन आहे."

आप्पांचं तर विचारूच नका. माझे सासरे कोर्टात बेलीफ होते. जन्मभर लोकांच्या दारात समन्स घेऊन गेलेला माणूस. कोणी मागच्या दाराने पळालं, कोणी पलंगाखाली लपलं, कोणी कुत्रा सोडला, पण आप्पांनी कागद बजावल्याशिवाय घर गाठलं नाही. त्यामुळे सही म्हटली की त्यांच्यापुरता विषय संपतो.

"केलीस सही? मग झालं. आता फक्त देवीच्या कानावर घालायचं राहिलं."

आप्पांचं गाव राजापूर तालुक्यात, नाटे गावाच्या वाटेवर फाट्यावरून आत. घरात काहीही झालं, अगदी नवीन मिक्सर आला तरी, ते गावदेवीला कळवल्याशिवाय आप्पांना चैन पडत नाही. म्हणून आम्ही सगळे गाडीत बसून गेलो. नारळ ठेवला. गावचे मानकरी भागोजी धोतर सावरत देवीसमोर उभे राहिले आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं हे मनातल्या मनात घालत नाहीत. एकाने देवाला खड्या आवाजात सगळी परिस्थिती सांगायची, काय पाहिजे ते मागायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला होकार भरायचा.

"बा देवी म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरानं नारळ ठेवलाय, तो मान्य करून घे!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्येच्या सुनेला पुण्यात नोकरी लागलीय, ती सुखाची कर!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तिच्या नोकरीच्या वाटंत जो कोण आडवा येईल, घरचा असो, दारचा असो, त्येचा पाय अडखळव, त्येचं डोकं ठिकाणावर आण, त्येचे डोळे उघड, नि त्येला बाजूला सार!"

"व्हय म्हाराजा!"

या शेवटच्या वाक्याला सगळ्यात मोठा आवाज सासूबाईंचा होता. त्याच्या खालोखाल माझा.

येताना आईंनी राजापुरात पेढे घेतले आणि ते आमच्या गल्लीत वाटले. म्हणजे कंपनी झाली, देवी झाली, गल्ली झाली. आता फक्त मी जायचं उरलं होतं.

मग सराव सुरू झाला. आईंची कल्पना. "एकदम सोडून गेलीस तर पोर बिथरेल. आधी एक दिवस बाहेर राहून बघ." म्हणून एका रविवारी मी सकाळी घर सोडलं. मैत्रिणीकडे जेवले, भाट्याच्या समुद्रावर नुसती बसले, वाचनालयात जाऊन एकाच पानाकडे बघत राहिले. सानवी रडत असेल का, जेवली असेल का, दारात उभी असेल का. दिवेलागणीला मी जवळजवळ धावतच घरी आले.

सानवी पडवीत आजीच्या शेजारी बसून कोलंबी सोलत होती. म्हणजे सोलायचं नाव, मिशा ओढत होती. तिने मान वर केली.

"आलीस पण?" ती म्हणाली आणि परत मिशांकडे वळली.

सराव उत्तम झाला होता. आई कौतुकाने सांगत होत्या, एकदाही नाव काढलं नाही हो हिने तुझं. मी "अरे वा" म्हणाले आणि न्हाणीघरात जाऊन रडायला बसले. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडला, तर पाणी गेलेलं. नळ नुसता फुसफुसला. मग रडणंही अर्धवट सोडून तोंड पुसून बाहेर आले आणि कोलंबीची आमटी केली. ती खारट झाली.

ती रडली असती तर मी गेले असते, असं मला अजूनही वाटतं. रडणाऱ्या पोरीला समजावता येतं. न रडणाऱ्या पोरीपुढे काय करायचं?

त्या दिवशी मी मनात ठरवलं की जायचं नाही. ठरवलं, पण सांगितलं कोणालाच नाही. पेढे खाल्लेली गल्ली डोळ्यांसमोर यायची. शिवाय मी हो म्हणाले होते, आणि मी हो म्हणून फिरणाऱ्यातली नाही असं मला आजवर वाटत होतं.

आणि नेमकं तेव्हापासून माझं सगळं पडायला, झडायला, ठेचाळायला लागलं.

सोमवारी उंबऱ्याला अडखळले, अंगठ्याचं नख गेलं. मग तुळशीला पाणी घालताना गांधीलमाशी पापणीवर चावली आणि डोळा असा सुजला की सानवीने वर्गातल्या दोन मैत्रिणींना तो बघायला घरी आणलं. मग झाकण. झाकणाच्या दुसऱ्या दिवशी खवणीवर बोट.

आईंचं निदान तयार होतं. "कोणाच्या तरी डोळ्यात सलत्येय तुझी नोकरी. कोणीतरी आड येतंय."

"कोण येणार आई?"

आईंनी भिंतीकडे बघून भुवया उडवल्या. भिंतीच्या पलीकडे नीरजावहिनी राहतात. पेढा घेताना त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "एवढ्या लांब? पोरीला ठेवून?" यात काय होतं? मलाही कोणी पेढा दिला असता तर मी तेच म्हणाले असते. पण आईंच्या लेखी खटला उभा राहिला होता. त्यांनी नीरजावहिनींना कढीपत्ता देणं बंद केलं. "झाड दमलंय," म्हणाल्या. मग नीरजावहिनींनी वाटीभर खरवस पाठवला, तर आईंनी खरवस काढून घेतला, वाटी धुतली आणि रिकामी परत पाठवली.

रिकामी! शेजारची वाटी आमच्याकडे कधी रिकामी जात नाही. घरात काही नसेल तर चार साखरेचे दाणे टाकतात, पण रिकामी वाटी म्हणजे सरळ युद्ध. वाटी घेऊन गेलेली सानवी परत येऊन म्हणाली, "काकूंनी वाटीत बघितलं, मग वाटीखाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आड येत होते मी, आणि शिक्षा भोगत होत्या नीरजावहिनी. आज सांगायचं, असं मी रोज सकाळी ठरवायची आणि रोज संध्याकाळी उद्यावर ढकलायची.

शेवटी आप्पांनीच मला धरलं.

रविवार होता. आप्पा चहाची बशी हातात धरून आरामखुर्चीत बसले होते. आई शेंगा सोलत होत्या. अनिश हातात फणी घेऊन सानवीच्या मागे बसला होता. मी एका डोळ्याने पोहे निवडत होते.

"नीरजाचं काय काय पडलं गो एवढ्यात?" आप्पांनी आईंना विचारलं.

"तिचं काय पडतंय? चांगली मजेत आहे. पोरगा परवा कबड्डीत पहिला आला."

"हं. आणि भागोजीने गाऱ्हाण्यात काय मागितलं होतं?"

"जो आड येईल त्याला बाजूला सार."

"त्याच्या आधी. जो आड येईल त्याचा पाय अडखळव." आप्पांनी बशी खाली ठेवली. "आपल्याकडे पाय कोणाचा अडखळला?"

सानवीने बोट माझ्याकडे केलं.

"डोकं ठिकाणावर आण, म्हणाला. झाकण कोणाच्या डोक्यात पडलं?"

"आईच्या," सानवी.

"डोळे उघड, म्हणाला. डोळा..."

"तो तर मिटला, आप्पा," अनिश म्हणाला.

"देवीला एक चूक माफ आहे. एवढ्या कामात होतं." आप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. अगदी तसं, जसं ते पलंगाखाली लपलेल्या माणसाकडे बघत असतील. "समन्स बरोबर पत्त्यावर लागलंय. आड येणारी शेजारी नाही. सुमेधा, तूच येत्येस आड."

माझ्या हातातलं सूप कलंडलं. पोहे सगळे जमिनीवर.

"बघा!" आप्पा म्हणाले.

"मला नाही जायचं," मी पोह्यांकडे बघत म्हणाले. "मी मेल लिहून ठेवलाय. पाठवता येत नाहीये."

फणी हातात घेतलेला अनिश म्हणाला, "मग मी वेणी शिकलो ती?" हे बोलून झाल्यावर त्याला कळलं की हे आत्ता बोलायचं नव्हतं. तो सरकत जवळ आला आणि पोहे गोळा करायला लागला.

आईंच्या मांडीवरून शेंगा ओघळल्या. "अगो पण का? आम्ही काही बोललो? मी तर हो म्हटलं होतं! पहिल्या झटक्यात हो म्हटलं होतं!"

"तुम्ही काहीच नाही बोललात, आई."

"तेच तर! आता लोक काय म्हणतील? सासूने अडवली म्हणतील! गल्लीत एक माणूस विश्वास ठेवणार नाही माझ्यावर. मी पेढे वाटले गो!" आणि एकदम त्यांच्या लक्षात आलं. "आणि नीरजाची वाटी!"

त्या तशाच उठल्या, शेंगांचं टोपलं कमरेवर घेतलं, झाडावरून दमलेला कढीपत्ता ओरबाडला आणि भिंतीपलीकडे गेल्या. काय बोलल्या माहीत नाही, पण तासाभराने परत आल्या तेव्हा त्यांच्या पोटात चहा आणि हातात नीरजावहिनींचं लोणचं होतं.

आप्पांनी मात्र माझा मोबाइल मागून घेतला आणि करार वाचायला लागले. बोटाने पडदा सरकवत, ओठ हलवत. मध्येच मान हलवायचे. मला वाटलं, आता हे सांगणार की सुटका नाही. पण वाचून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "लिहिलेलं काही असो, नाही म्हणायचं तर तोंडाने म्हण. मेल पाठवून पलंगाखाली लपू नको."

म्हणून सोमवारी मी कंपनीत फोन केला. समीक्षा नावाची मुलगी होती, माझी मुलाखत तिनेच ठरवली होती. मी पाठ केलेलं सगळं एका दमात बोलले. खेद, दिलगिरी, करार, विश्वास.

"ओके मॅम," समीक्षा म्हणाली. "जॉइनिंग झालेलं नाही ना, मग काही प्रॉब्लेम नाही. मेल टाका फक्त. रीझन काय टाकू? दुसरी ऑफर, तब्येत, स्थलांतर की पर्सनल?"

"पर्सनल."

"ओके." टकटक टाइप केल्याचा आवाज आला. मग ती जरा थांबून म्हणाली, "पण मॅम, आमच्या सरांना तुमचं टेस्टिंग फार आवडलं होतं. कोकमात मीठ आधी लागतं की नंतर, हे कोणीच सांगितलं नव्हतं म्हणे त्यांना. असो. हॅव अ नाइस डे."

संपलं. चहाला उकळी यायच्या आत संपलं. मी फोन ठेवला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटतही होतं. पण जिभेवर कोकम आल्यासारखं झालं आणि ते बराच वेळ गेलं नाही.

"कंपनीने सोडलं," मी आप्पांना सांगितलं.

"कंपनीने सोडलं. देवीकडचं समन्स अजून चालू आहे. ते मागे घ्यायला पाहिजे."

"आप्पा, असं काही नसतं," अनिश म्हणाला. तो विज्ञानवाला. मी "हो ना" म्हणून पायरी उतरले आणि माझ्या चपलेचा अंगठा तुटला. अनिशने चपलेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "रविवारी गाडी काढतो."

गावात भातकापणी चालू होती. भागोजी शेतातून तसेच आले, हातात विळा, केसांत पेंढा. आप्पांनी सगळी हकिकत सांगितली. भागोजींनी विळा मंदिराच्या पायरीवर ठेवला आणि कपाळावर हात मारला.

"आप्पानू, दिलेला नारळ परत घेतात व्हय? देवीनं काय दुकान घातलंय?"

"नारळ नको रे परत. मागणं तेवढं मागे घे."

"उलटं गाऱ्हाणं माझ्या बापानं घातलं न्हाय, आज्यानं घातलं न्हाय." ते माझ्याकडे वळले. माझा अजून पुरता न उतरलेला डोळा बघून जरा चपापले, पण त्यांच्या चेहऱ्यावर थोडा अभिमानही दिसला. एवढं लागू पडलेलं गाऱ्हाणं त्यांचंही पहिलंच असावं. "कारण सांगाय लागंल, सूनबाई. उगाच म्हागं फिरली असं देवीला कसं सांगू?"

तोवर शेतातल्या बायका पाणी प्यायच्या निमित्ताने देवळात येऊन बसल्या होत्या. त्यांची गाऱ्हाण्याला होकार भरायला मदत होणार होती, आणि त्यांना ऐकायचंही होतं.

"घरची अडचण आहे," मी म्हणाले.

"काय नाही हां अडचण, भागोजी!" आई ताडकन म्हणाल्या. "घरच्यांनी पहिल्या दिवशी हो म्हटलंय. हे देवीला नीट सांग. सासूने हो म्हटलंय, असं सांग."

बायका हसल्या.

"मुलगी लहान आहे अजून," मी म्हणाले.

"मी लहान नाहीये," सानवी म्हणाली. "मी आजीकडे राहते. मी कोलंबी सोलते."

बायका आणखी हसल्या. भागोजी नारळ हातात धरून थांबले होते. समीक्षाकडे निवडायला चार कारणं होती, त्यातलं एक दिलं की सुटले. इथे सगळ्यांचे डोळे माझ्यावर, देवीचेसुद्धा. मला आणखी काहीतरी बरं कारण सुचेल म्हणून मी वाट बघितली. सुचलं नाही.

"मला जाववत नाही," मी म्हणाले. "ती राहते माझ्याशिवाय. मलाच राहवत नाही."

एका बाईने डोक्यावरचा पदर नीट केला. भागोजी दोनदा मान हलवून देवीकडे वळले.

"बा देवी म्हाराजा! मागल्या खेपंला जो नारळ ठेवला, तो तू मान्य केलास, आमी डोळ्यानं बघितला!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण आड येईल म्हणून सांगितला, त्यो घरातच गावला! ही तुझी सूनच आपल्याच वाटंत आडवी बसली!"

"व्हय म्हाराजा!"

"घरच्यांनी न्हाय म्हटला न्हाय! सासूनं तर पयल्या झटक्यात व्हय म्हटला!"

"व्हय म्हाराजा!" हा आवाज एकट्या आईंचा, पण देऊळ भरलं.

"पण हिला पोरीला सोडून जाववत न्हाय, म्हाराजा!"

मागण्याला होकार भरायची सवय सगळ्यांना होती, पण हे मागणं नव्हतं. याला काय म्हणायचं ते कोणाला कळेना. मग माझ्या कमरेजवळून एक बारीक, ठणठणीत आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"

त्यावर सगळं देऊळ हसलं आणि सगळ्यांनीच म्हटलं, व्हय म्हाराजा. आप्पांनी म्हटलं, विज्ञानवाल्या अनिशने म्हटलं. भागोजींनी देवीला सांगून माझा पाय सोडवला, डोकं सोडवलं, डोळा सोडवला, आणि आईंनी डोळे मोठे केल्यावर शेजारणीचं नावही त्यात घातलं. नारळ फोडला तो एका फटक्यात फुटला. आई म्हणाल्या, "झालं. सुटलीस."

मी आणि सानवी खोबऱ्याचे तुकडे घेऊन देवळाच्या पायरीवर बसलो. समोर कापलेल्या भाताच्या पेंड्या उभ्या होत्या. आत आप्पा आणि भागोजी उलट्या गाऱ्हाण्याची आता गावात चाल पडेल का यावर बोलत होते.

"आई, जाववत नाही म्हणजे काय?"

"म्हणजे... जायचं असतं, पण पाय उचलत नाही."

"जायचं असतं?"

देवळाच्या पायरीवर बसून खोटं कसं बोलायचं? "हो. असतं."

"पुण्याला? सरबतं प्यायला?"

"सरबतं चाखायला. आणि सांगायला, की यात काय कमी आहे."

"मग पाय का नाही उचलत?"

"कारण तू इथे असतेस ना," मी म्हणाले आणि तिच्या गालावरचं खोबरं पुसलं. मला वाटलं, छान उत्तर दिलं. पोरीला आयुष्यभर लक्षात राहील असं.

सानवीने खोबऱ्याचा तुकडा चावला. बराच वेळ चावला. मग माझ्याकडे नीट बघून तिने विचारलं,

"म्हणजे मी नसते, तर तू गेली असतीस?"

आतून आई हाक मारत होत्या, अनिश गाडी वळवत होता. मी कुठे तरी दुसरीकडे बघेन म्हणून तिने खोबऱ्याने चिकट झालेल्या हातांनी माझी हनुवटी धरली आणि तोंड आपल्याकडे वळवलं.

"सांग ना गं. गेली असतीस?"